बेणे आणि बीज : मॉरिशसच्या उसाची उगवण

जमिनीत टाकलेले बी उगवेल की नाही, ही शेतकऱ्याच्या सर्व चिंतांमधील पहिली चिंता होय. नांगरट, खत, पाणी आणि खुरपणी ह्या साऱ्यांचे फळ त्या एका गोष्टीवर अवलंबून असते. म्हणूनच पेरणीपूर्वी बियाला जागे करण्याच्या निरनिराळ्या रीती प्रत्येक कृषिप्रधान समाजाने शोधून काढल्या. मॉरिशसच्या इतिहासात ह्या विषयाला विशेष महत्त्व आहे. बेटाची सारी संपत्ती ज्या उसावर उभी राहिली, त्याची उगवण कशी साधावी आणि कोणते बेणे लावावे, ह्या प्रश्नांशी करारबद्ध मजुरांच्या वंशजांचे भाग्य निगडित झाले होते.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने आलेले छत्तीस मजूर पोर्ट लुईस येथे पोहोचले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय ह्या बेटावर आले. मुंबई बंदरातून निघालेल्यांमध्ये कोकणातील मराठी माणसांचा भरणा होता. कोकणचे मुख्य पीक भात. त्याचे बी रुजविण्याच्या दोन रीती तेथे परंपरेने चालत आल्या आहेत. एका रीतीत पाला, गवत व शेण पसरून जमीन भाजतात आणि त्या राबात कोरडे बी पेरून पहिल्या पावसाची वाट पाहतात. दुसऱ्या रीतीला ‘रहू’ म्हणतात. तीत बी पाण्यात भिजवितात, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतात, उरलेले बी गोणपाटात बांधून उबेला ठेवतात आणि मोड आले म्हणजे चिखलणी केलेल्या जमिनीवर फोकून देतात. पहिल्या रीतीत कष्ट थोडे, परंतु पावसाने दगा दिला तर बी वाया जाण्याची भीती अधिक. दुसऱ्या रीतीत उगवणीची परीक्षा घरातच होऊन जाते. मात्र मोड लांबले तर ते पेरताना मोडतात, म्हणून वेळ अचूक साधावी लागते.

ह्या बेटावर मात्र मजुरांच्या हाती भाताचे बी आले नाही, तर उसाचे कांडे आले. डच लोकांनी १६३९ मध्ये जावा बेटातून येथे ऊस आणला होता. उसाच्या शेतीत लोक ज्याला बियाणे म्हणतात ते वस्तुतः बी नव्हे. ते बेणे होय, म्हणजे उसाचेच तुकडे. पेरावरील प्रत्येक डोळ्यात एक कोंब झोपलेला असतो. ऊस अखंड उभा असेपर्यंत शेंड्याच्या प्रभावामुळे खालचे डोळे सहसा फुटत नाहीत. तोच ऊस तोडून दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या केल्या म्हणजे तो प्रभाव सुटतो आणि डोळे फुटू लागतात. शेंड्याकडील डोळे कोवळे असल्याने लवकर उगवतात. बुडख्याकडील जून डोळे उशिरा आणि विषम उगवतात. शिवाय शेंड्याच्या भागात साखर कमी असते. म्हणून शेंडा जमिनीला आणि उरलेला ऊस कारखान्याला देण्यात मळ्याचा दुहेरी लाभ होता. खडकाळ जमिनीतील धोंडे उचलून त्यांच्या राशी रचाव्या, खड्डे खणावे, टिपऱ्या ठेवाव्या आणि जेथे उगवण झाली नाही तेथे नांग्या भराव्या, हा मजुरांचा नित्यक्रम होता.

बेण्याने केलेल्या लागवडीचा मोठा गुण म्हणजे निष्ठा. लावलेल्या उसाचे सारे गुण नव्या उसात जसेच्या तसे उतरतात. परंतु तोच त्याचा दोषही आहे. बेण्यातील रोग त्याच्याबरोबर नव्या शेतात जातो, आणि सगळे शेत एकाच रक्ताचे असल्यामुळे एक ऊस बळी पडला की सारे बळी पडतात. एकोणिसाव्या शतकात रोगांमुळे जुन्या जाती सोडून परदेशांतून नवे बेणे आणण्याची वेळ मळेवाल्यांवर वारंवार आली. ह्या अडचणींचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून १८९३ मध्ये मॉरिशसमध्ये कृषिसंशोधन केंद्र स्थापन झाले आणि फिलिप बोनाम ह्यांची संचालक म्हणून नेमणूक झाली.

ह्याच सुमारास उसाच्या खऱ्या बियाचा शोध जगापुढे आला होता. उसाला तुरा येतो, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्या तुऱ्यात उगवणारे बी असते, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. बार्बाडोस बेटावर १८५८ च्या सुमारास उसाची बीजरोपे आढळल्याचे वृत्त आले, पण त्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे १८८० च्या दशकात जावामध्ये सोल्टवेडेल ह्यांनी आणि बार्बाडोसमध्ये हॅरिसन व बोव्हेल ह्यांनी ही गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. इतका काळ ती लपून राहण्यास कारणे होती. कित्येक जातींच्या तुऱ्यात सकस बी धरतच नाही. जेथे धरते तेथे ते दीड मिलिमीटरच्या आसपास लांबीचे असते आणि कापसासारख्या तंतूंत गुंतलेले असते. उगवलेले रोप आरंभी साध्या गवतासारखे दिसते.

असे बी रुजविण्याची रीत टिपरीच्या रीतीहून अगदी निराळी आहे. टिपरी मातीत पुरावी लागते, तर हे बी ओलसर व बारीक मातीच्या पृष्ठावर पसरून उबेत आणि सतत ओलाव्यात ठेवावे लागते. टिपरीत कोंबासाठी अन्नाचा भरपूर साठा असतो. बियात तो नाममात्र असतो. साध्या हवेत ठेवलेले बी काही आठवड्यांतच आपली उगवणशक्ती गमावते. त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे की, एकाच तुऱ्यातील प्रत्येक रोप निराळे निपजते. हजारो रोपांमधून एखादेच लागवडीस योग्य ठरते आणि ते ठरण्यास दहा-बारा वर्षे लागतात. हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. त्याला संस्था, जमीन आणि द्रव्य लागते. ह्याच कारणाने नव्या जातींची सत्ता संशोधन केंद्रे आणि मोठे मळे ह्यांच्याकडे राहिली.

ह्या सत्तेचा खरा अर्थ १९३७ मध्ये प्रकट झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक मळ्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे विकावयास काढले होते. भारतीय कुटुंबांनी काटकसरीने जमविलेल्या पैशांतून ते तुकडे घेतले. पुष्कळदा ती जमीन हलकी असे. अशा जमिनीत ‘उबा’ नावाचा बारीक व कठीण ऊस चांगला तग धरी, त्याचे खोडवे दीर्घकाळ टिकत आणि वजनही भरपूर उतरे. कारखानदारांची तक्रार अशी की, त्यात तंतू फार आणि साखर कमी. १९३७ च्या हंगामात त्यांनी उबाचा भाव शेकडा १५ ने उतरविला. ज्या बेण्यावर लहान शेतकऱ्याचा संसार उभा होता, त्याचीच किंमत अशा रीतीने घसरली. शेतकरी आणि मजूर रस्त्यावर आले. १३ ऑगस्ट रोजी युनियन फ्लाक येथे गोळीबार झाला आणि चार माणसे प्राणास मुकली. त्यानंतर सरकारने हूपर चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३८ मध्ये आला, आणि मजुरांच्या व लहान शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांची दखल सरकारला घ्यावी लागली.

ज्या वेळी उबाचा भाव उतरविण्यात आला, त्या वेळी उत्तम बेणे बेटावर तयार होत होते. १९३२ च्या संकरातून निवडलेला ‘एम १३४/३२’ हा ऊस तो होय. त्याची आई जावाची जात आणि बाप डेमेरारात बियापासून निपजलेली जात. म्हणजे जेथे भारतीय मजूर १८३८ पासून राबत होते, त्या ब्रिटिश गयानाची. पुढील काही वर्षांत ह्या उसाने बेटाचे बहुतेक क्षेत्र व्यापले. परंतु एकाच बेण्यावर विसंबण्याचा धोका १९६० च्या ‘अ‍ॅलिक्स’ आणि ‘कॅरोल’ ह्या चक्रीवादळांनी दाखवून दिला. त्या वर्षीचे साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी झाले आणि त्यानंतर निरनिराळ्या जाती लावण्याकडे लक्ष वळले.

१९५३ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशस साखर उद्योग संशोधन संस्थेने जातींबरोबर बेण्याच्या आरोग्याकडेही लक्ष पुरविले. खोडव्याची वाढ खुरटविणारा एक रोग बाहेरून दिसत नाही. तो बेण्यातून आणि कोयत्याच्या पात्यावरून पसरतो. त्यावर उपाय म्हणून टिपऱ्या ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास बुडवितात. उष्णता कमी पडली तर रोग राहतो आणि जास्त झाली तर डोळाच मरतो. शिवाय ह्या उपचाराने उगवणही काहीशी घटते. म्हणून असे बेणे आधी स्वतंत्र बेणेमळ्यात वाढवितात आणि त्यातून निघालेला निरोगी ऊस पुढे शेतात नेतात. उगवणीत थोडे गमावून आरोग्य मिळवावे, असा हा हिशेब आहे.

महाराष्ट्रातही ऊससंशोधनाची परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे केंद्र १९३२ सालचेच. तेथील शेतकरी अलीकडे एकेक डोळा काढून कोकोपीटच्या ट्रेमध्ये उगवितात आणि तयार रोपांची लागण करतात. त्यात बेणे फार थोडे लागते, उगवण आधीच पारखली जाते आणि शेतात नांग्या पडत नाहीत. मात्र रोपवाटिकेचा खर्च व निगा वाढते. पेरणीपूर्वीच उगवण पाहून घ्यावी, हा रहूचाच विचार अशा रीतीने उसाच्या शेतीतही आला आहे.

ह्या साऱ्या रीती ताडून पाहिल्या असता एकच रीत सर्वश्रेष्ठ ठरत नाही. बेणे असलेले गुण राखते, बीज नवे गुण देते, उष्ण पाणी रोग काढते आणि रोपवाटिका नुकसान टाळते. ज्याच्या हाती ह्यांतील निवड असते, त्याचेच पीक सुरक्षित असते. १९३७ च्या लहान शेतकऱ्याला ऊस लावता येत होता, उगविताही येत होता. फक्त कोणत्या उसाची काय किंमत, हे ठरविताना त्याला कोणी विचारले नव्हते. युनियन फ्लाकच्या चार जणांचे स्मरण करताना त्यांच्या वंशजांनी हे विसरू नये. कष्टाचा वारसा त्यांच्याकडे आहेच; बेणे आणि बीज पारखण्याचे ज्ञान व ते निवडण्याचा अधिकार हाही त्याच वारशाचा भाग झाला पाहिजे.