नाकातल्या नळीची गोष्ट

आयसीयूबाहेर नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, सलाईन चालू आहे ना, मग नाकात नळी कशाला?" ५ टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून जेमतेम १७० कॅलरी मिळतात. एवढ्यावर आजारी माणूस किती दिवस काढेल, तुम्हीच सांगा.

१७९० मध्ये जॉन हंटर या लंडनच्या सर्जनकडे गिळताच न येणारा रुग्ण होता. त्यांनी ईल माशाच्या कातडीची नळी करून तिच्यातून फेटलेली अंडी, दूध, साखर थेट जठरात सोडली. रुग्ण बरा झाला!

तरीही १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड गोळी लागून अंथरुणाला खिळले, उलट्या होऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी गुदद्वारातून मांसाचा अर्क, अंडी, व्हिस्की द्यायला सुरुवात केली. आज हसू येईल, पण तेव्हा ही मान्य पद्धत होती. मोठं आतडं मुख्यतः पाणी आणि क्षार शोषतं. प्रथिनं आणि चरबी पचतात त्याच्या आधी, लहान आतड्यात. अध्यक्षांचं वजन झपाट्याने घटत गेलं. जंतुसंसर्ग तर होताच. ७९ दिवसांनी ते वारले.

आपल्याकडे सगळे जिला 'रायल्स ट्यूब' म्हणतात, ती जॉन राईल यांची. १९२१ मध्ये त्यांनी ती वापरली जठररस तपासायला, जेवण द्यायला नव्हे! आता आतडं चालत असेल, रक्तदाब सावरलेला असेल, तर २४ ते ४८ तासांत नळीवाटे अन्न सुरू करतात. त्याआधी एक्स-रे का काढतात? नळी चुकून श्वासनलिकेत तर गेली नाही ना, हे पाहायला.