पडद्यावर आपले नाव

आपल्या प्रार्थनामंदिराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्हाला प्रथम संकोचच वाटला. नर्सिंगचा डिप्लोमा घेतला त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत ताप, नाडी आणि रक्तदाब यांपलीकडे आम्ही कागदावर फारसे काही मांडले नाही. परंतु एक विषय बरीच वर्षे मनात घोळत होता, आणि परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना तो आवडेल असे वाटले. तो विषय म्हणजे आपल्या समाजाचे चित्रनट कै. डेव्हिड. माणसाला सिनेमात नशीब आणते की त्याची स्वतःची निवड, हा प्रश्न त्यांच्यामुळे आम्हाला पडला. आणि तो पडला मुंबईत नव्हे, दुबईत.

आम्ही दोघी मावसबहिणी 1984 साली संयुक्त अरब अमिरातीत नर्स म्हणून गेलो. त्या देशात 1972 सालापासून इस्रायलवरील बहिष्काराचा कायदा होता. आमचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे नोकरीला अडचण नव्हती. पण मामा लोदला आणि थोरली बहीण अश्दोदला. त्यांची पत्रे आधी मुंबईच्या घरी यायची आणि आई ती नव्या पाकिटात घालून आम्हाला पाठवायची. शनिवारी ड्यूटी असे. शुक्रवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत दिवा लावायचा तो पडदा ओढून. खरे सांगायचे तर आम्हाला कोणी त्रास दिला नाही, कोणी खोदून विचारलेही नाही. आमच्या नावांवरून सगळे आम्हाला ख्रिस्ती समजत, आणि आम्ही समजू देत होतो.

विरंगुळा काय, तर हिंदी सिनेमा. बर दुबईत बसस्टँडजवळ प्लाझा थिएटर होते, आता ते राहिले नाही. तिथे जमले नाही तर भाड्याने आणलेल्या कॅसेटी. एका सुट्टीच्या दिवशी हॉस्टेलच्या हॉलमध्ये ‘गोलमाल’ लागला होता. अमोल पालेकरांना नोकरीची युक्ती सांगणारे टकले, हसरे डॉक्टर मामा पडद्यावर आले, तशी आमची एक मल्याळी मैत्रीण म्हणाली, “हा म्हातारा आमच्या ख्रिस्ती लोकांतला. नावच डेव्हिड आहे ना!” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि गप्प राहिलो. आमच्या आजीच्या घरी ज्या माणसाचे नाव अभिमानाने घेतले जाई, तो आमच्यातला आहे एवढे एक वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही.

डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे मूळचे चौलचे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज वाचले, असे आपली परंपरा सांगते; चौल त्याच किनारपट्टीवर. त्यांचा जन्म 1909 सालचा. ते बी.ए. झाले, कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. पण पदवी हातात पडली तेव्हा जगभर मंदीचे दिवस होते. जवळजवळ सहा वर्षे मनासारखी नोकरी मिळाली नाही. शेवटी त्यांनी सिनेमाकडे वळायचे ठरवले. नायमपल्ली नावाचे चरित्र अभिनेते त्यांच्या ओळखीचे होते, त्यांच्या मदतीने 1937 साली मोहन भवनानी यांच्या ‘झांबो’ या चित्रपटात त्यांना पहिले काम मिळाले. तेव्हा त्यांचे वय 27 होते.

याच भवनानींनी त्याआधी दहा-बारा वर्षांपूर्वी आणखी एका यहुदी घरातल्या मुलीचे आयुष्य बदलले होते. पुण्यात जन्मलेली, बगदादी समाजाची रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. भवनानींनी तिला कोहिनूर फिल्म कंपनीच्या चित्रपटात काम करण्याविषयी विचारले. तिने आधी नकार दिला, कारण चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात जावे असा तो काळ नव्हता. भवनानींनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा ती तयार झाली. तीच मूकपटांची राणी सुलोचना. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या 1927 सालच्या चित्रपटात तिने एकटीने आठ भूमिका केल्या. पुढे बोलपट आले. हिंदुस्थानी धड बोलता येत नव्हती, म्हणून एवढ्या प्रसिद्धीच्या भरात तिने काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि 1932 साली ‘माधुरी’ या बोलपटातून ती परतली. भवनानींची नजर तिच्यावर पडली ते नशीब म्हणू. पण वर्षभर शाळकरी मुलीसारखे उच्चार घोटत बसणे ही निवडच. काळ कोणाला सोडत नाही. जिने 1928 आणि 1935 अशी दोनदा अनारकली रंगवली, तिनेच 1953 सालच्या ‘अनारकली’त सलीमच्या आईचे काम केले. 1973 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

आता नावांकडे पाहू. रूबीची सुलोचना झाली. आपल्या समाजाच्या सुसान सॉलोमन पडद्यावर फिरोझा बेगम म्हणून आल्या. फ्लोरेन्स इझिकेल या बगदादी मुलीला मेहबूब खान यांनी 1952 सालच्या ‘आन’मध्ये नायिका केले आणि ती नादिरा झाली, ‘श्री 420’मधली तिची माया अजून कोणी विसरलेले नाही. पडद्यामागचे जोसेफ डेव्हिड पेणकर मात्र आपल्याच नावाने लिहीत राहिले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये झळकलेला पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्याच नाटकावरून घेतलेला होता.

चेऊलकरांनीही नाव बदलले नाही. आडनाव मात्र गळाले आणि नुसते डेव्हिड उरले. त्यामुळे झाले असे की प्रेक्षकांनी त्यांना ख्रिस्तीच धरले आणि भूमिकाही तशा मिळत गेल्या. राज कपूर यांच्या ‘बूट पॉलिश’मध्ये (1954) ते झोपडपट्टीतले जॉन चाचा झाले, बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’मध्ये (1979) वांद्र्याचे अंकल टॉम. नायक होण्यासारखे रूप नव्हते, उंची नव्हती, डोक्यावर केस नव्हते. चरित्र भूमिकांतच त्यांनी आपली जागा केली आणि चार दशके ती राखली. सूत्रसंचालनाची त्यांची ख्याती होती. फिल्मफेअर पुरस्कारांचे समारंभ त्यांच्या गोड, मिश्किल बोलण्याने रंगत. ‘बूट पॉलिश’साठी त्यांना स्वतःलाच सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 1969 साली पद्मश्री मिळाली.

तो ‘बूट पॉलिश’ही आम्ही दुबईतच पुन्हा पाहिला. जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकतो, पण भोला आणि बेलू या दोन अनाथ पोरांना सांगतो की भीक मागू नका, कष्टाने खा. त्यातल्या प्रसिद्ध गाण्यातही मुलांची मूठ आणि त्यांचे नशीब यांचाच सवाल-जवाब आहे. लहानपणी ते गाणे आम्ही नुसते गुणगुणले होते. हॉस्टेलच्या हॉलमध्ये ते ऐकताना मात्र खाली मान घालावीशी वाटली. अमिरातीत आम्हाला आणले ते परिस्थितीने. घराचे कर्ज होते, धाकट्या भावाचे शिक्षण होते. पण त्या दिवशी गप्प बसायला आम्हाला कोणी भाग पाडले नव्हते. व्हिसा जाईल, पगार थांबेल ही भीती होती, आणि ती अगदीच खोटी होती असेही नाही. तरी गप्प बसलो ते आम्हीच.

डेव्हिड अखेरच्या काळात कॅनडात होते. 1981-82 च्या हिवाळ्यात टोरांटोला त्यांचे निधन झाले. आम्ही दुबईला पोहोचलो तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. चौलचे नाव सांगणारा माणूस टोरांटोच्या थंडीत गेला आणि वाळवंटातल्या शहरात कॅसेटीवर हसत राहिला, हे आपल्यासारख्या पांगलेल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

पुढची हकीकत थोडक्यात. ऑगस्ट 2020 मध्ये अमिरातीने बहिष्काराचा कायदा रद्द केला आणि 15 सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये अब्राहम करारावर सह्या झाल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये अबू धाबीच्या सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशा तीन वास्तूंचे संकुल उघडले. तिन्ही सारख्याच मापाच्या. सिनेगॉगला मोझेस बेन मैमोन, म्हणजे आपल्या रामबामचे नाव दिले आहे. त्याच वर्षी भाच्याकडे गेलो असता आम्ही दोघी ते पाहून आलो. आत बसलो तेव्हा ओढलेल्या पडद्याआडचा तो दिवा आठवला आणि बराच वेळ उठवेना.

योगायोग असा की ती मल्याळी मैत्रीणही तेव्हा मुलीकडे अबू धाबीला आली होती. गुडघ्यांची ऑपरेशने, सुना-नातवंडे असे सगळे बोलून झाल्यावर आम्ही तिला सांगितले, “गोलमालमधला तो डेव्हिड आठवतो? तो तुमच्यातला नव्हे, आमच्यातला. आणि आम्हीही.” ती थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “एका ताटात जेवायचो आपण. तेव्हाच का नाही सांगितलंत?” आम्हाला उत्तर देता आले नाही. अजूनही नीट देता येत नाही.

म्हणून ही विनंती. आज ज्यांनी सत्तरी-ऐंशी ओलांडली आहे, त्यांनी एखाद्या सुट्टीत नातवंडांना ‘बूट पॉलिश’ दाखवावा. जॉन चाचा आले की त्यांचे पूर्ण नाव, चेऊलकर या आडनावासकट, मोठ्याने सांगावे. आम्ही ते चाळीस वर्षे उशिरा सांगितले.