कापसाच्या बियाण्यातला शोध कुणाचा?



कामगार चळवळीतल्या माणसाने पगार आणि बोनस सोडून पेटंटवर बोलावे, याचे संयोजकांना नवल वाटले असेल. मी कायद्याचा पदवीधर नाही. जिनिंगच्या हमालांचे कज्जे घेऊन कामगार न्यायालयाच्या ओसरीवर बसता बसता निकालपत्रे वाचायची सवय लागली, एवढीच माझी पुंजी. पण गेवराई, माजलगाव, वडवणीच्या रानात मृगाच्या तोंडावर जे पाकीट फोडले जाते, त्यातल्या सरकीवरून दिल्लीत पाच वर्षे एक मोठा दावा चालला, आणि त्याची हकीकत आपल्याकडे फारशी कुणी सांगितली नाही. ती सांगावी म्हणून मी उभा आहे.

पेटंट म्हणजे काय, हे आधी एका चेंडूवरून पाहू. सरकारी मराठीत पेटंटाला ‘एकस्व’ म्हणतात. मी आपला बाजारातलाच शब्द वापरतो. नवी वस्तू किंवा नवी रीत शोधणाऱ्याला सरकार ठराविक वर्षांचा मक्ता देते आणि बदल्यात त्याने आपली युक्ती उघड लिहून द्यायची, असा हा सौदा आहे. गोल्फ हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. मीही पाहिलेला नाही. त्याचा चेंडू पूर्वी गटापर्चा नावाच्या, मलायाकडच्या झाडाच्या चिकाचा, सगळा एकजिनसी असे. अमेरिकेतल्या कोबर्न हॅस्केलने रबराचा धागा ताणून गुंडाळला, त्या गुंडाळीवर गटापर्चाचे कवच चढवले आणि ११ एप्रिल १८९९ रोजी त्याचे पेटंट मिळवले. चेंडू लांब जाऊ लागला आणि जुना चेंडू थोड्याच वर्षांत मागे पडला. पण हाच हक्क इंग्लंडात बजावायला गेल्यावर १९०६ साली तिथल्या न्यायालयाने तो मोडीत काढला. कारण रबराचा धागा गुंडाळून केलेले चेंडू तिकडे आधीच होऊन गेल्याचा पुरावा पुढे आला. माल तोच, थर तेच. एका देशात तो शोध ठरला आणि दुसऱ्यात ठरला नाही. पुढे शंभर वर्षांनीही हे भांडण मिटले नव्हते. बहुथरी चेंडूवरून कॅलवे आणि अकुशनेट या अमेरिकन कंपन्या २००६ पासून कोर्टात होत्या, आणि २०१० साली ज्यूरीने कॅलवेची पेटंटे अवैध ठरवली.

चेंडूच्या भांडणात प्रश्न एवढाच की, ही वस्तू नवी आहे काय आणि जाणत्या कारागिराला ती सहज सुचली नसती काय? सरकीच्या दाव्यात त्याच्याही अलीकडचा प्रश्न निघाला. ही वस्तू मुळात पेटंटाच्या कक्षेत येते तरी काय?

आपल्याकडचा १९११ चा कायदा इंग्रजांचा. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला आणि त्यावरून १९७० चा कायदा आला. शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही आणि अन्न व औषध यांच्या पदार्थाला नाही, केवळ ते तयार करण्याच्या कृतीला, असा त्याचा रोख होता. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि दार किलकिले करावे लागले. तरी २००२ च्या दुरुस्तीत संसदेने कलम ३ मध्ये ‘जे’ हे पोटकलम घातले: सूक्ष्मजीव वगळता वनस्पती व प्राणी, त्यांचा कोणताही भाग, तसेच बियाणे, वाण आणि जाती यांना शोध मानायचे नाही. त्याआधी २००१ साली वेगळा कायदा करून शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, आणि छापील नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला होता. हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

आता जालन्याला येऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको ही बियाण्याची कंपनी काढली. १९९८ पासून अमेरिकेची मोन्सॅन्टो तिच्याबरोबर भागीदार झाली. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जंतू असतो. त्याने तयार केलेले प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला घातक ठरते. ते प्रथिन करवणारे जनुक कापसात घालायचे, अशी ही विद्या. बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी केंद्राची परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमचे पाकीट १,६०० रुपयांना, आणि त्यातला मोठा भाग जनुकाच्या रॉयल्टीचा. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा भाव ७५० वर आला. त्याच वर्षी दोन जनुकांचे दुसरे बियाणे, बोलगार्ड-२, बाजारात उतरले.

पहिल्या जनुकाला आपल्या देशात पेटंट नव्हतेच. दुसऱ्यासाठी नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्ज झाला आणि २००८ साली पेटंट मिळाले. त्यात मागितले काय होते, ते पाहण्यासारखे आहे. नुसते जंतूचे जनुक मागितलेले नव्हते. आधी जनुकाला चालना देणारा तुकडा, त्याला जोडून तयार प्रथिन हरितलवकापर्यंत पोचवणारा तुकडा, आणि मग अळी मारणाऱ्या प्रथिनाचा तुकडा, अशी सगळी बांधणी मागितलेली होती. म्हणजे पुन्हा थरच. चेंडू कापून थर दाखवता येतात. सरकी कापली तर पांढरा गर आणि तेल दिसते.

हैदराबादच्या नुझिवीडू सीड्स कंपनीने २००४ साली करार केला. तिला मोन्सॅन्टोच्या बाजूकडून मिळाल्या त्या ५० बिया. त्यांचा आपल्या वाणांशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिने स्वतःच्या नावाची पाकिटे काढली आणि प्रत्येक पाकिटामागे रॉयल्टी भरली. पुढे सरकारने ठरवलेल्या भावाप्रमाणे रॉयल्टी कमी करा, असा वाद झाला, २०१५ साली करार तुटला आणि २०१६ साली मोन्सॅन्टोने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. एक पक्ष म्हणे, ही बांधणी प्रयोगशाळेत माणसाने घडवली, निसर्गात ती कुठेही सापडत नाही, मग ती वनस्पती कशी? दुसरा म्हणे, कापसाच्या झाडाबाहेर तिचा आम्हाला उपयोग काय? बियाण्यात शिरली की ती बियाण्याचाच भाग, आणि बियाण्याला पेटंट नाही. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते, आणि न्यायाधीशांचीही तीच अडचण झाली असावी. ११ एप्रिल २०१८ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने पेटंटातले ते दावे ‘जे’ पोटकलमाखाली रद्द ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला: इतका गुंतागुंतीचा शास्त्रीय प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय निकालात काढता येत नाही, दावा रीतसर चालवा.

दावा रीतसर चालला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटंटाची वीस वर्षे संपली, आणि मार्च २०२१ मध्ये उभय पक्षांनी आपसात तडजोड केली. बियाण्यात घातलेली बांधणी शोध मानायची की नाही, याचे उत्तर या दाव्यातून मिळायचे होते. ते राहूनच गेले.

दरम्यान अळीने कुणाच्या निकालाची वाट पाहिली नाही. शेंदरी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही, हे गुजरातेत दिसून आल्याचे कंपनीने २०१० सालीच सांगितले होते. २०१७ च्या हंगामात दोन जनुकांच्या कापसातही तिने बोंडे पोखरली. त्या दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात किती रानांत कापसाच्या उभ्या पिकात जनावरे सोडली गेली, ते आपण पाहिले आहे. जिनिंगला आलेल्या किडक्या कापसाची धूळ हमालांच्या छातीत गेली, ती कुठल्याच नुकसानीच्या पंचनाम्यात आली नाही.

इथे एक गोष्ट पेटंटाइतकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे हे जनुक संकरित वाणांतच विकले गेले, आणि संकरित सरकी राखून पेरली तर पुढल्या वर्षी पीक सारखे येत नाही. म्हणजे २००१ च्या कायद्याने दिलेला राखणीचा हक्क कागदावर राहिला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी आणून २००९ साली तो दिला होता. पण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक मिसळलेले निघाले आणि वाण मागे घ्यावा लागला. एका सरकारी संस्थेच्या गाफिलपणाने शेतकऱ्याच्या हातचा सुटकेचा रस्ता गेला, असे मी स्पष्ट म्हणतो.

आणि संकरित बियाणे होते कसे? संध्याकाळी कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या सकाळी त्या फुलावर दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावायचा. एकेका फुलाला, सगळ्या शेतभर, दोन महिने. गुजरात, आंध्र, कर्नाटकातल्या बीजोत्पादनाच्या शेतांवर हे काम बाया आणि लहान मुलीच करत आल्या. दिल्लीच्या दाव्यात ५० बियांची चर्चा झाली, या हातांची झाली नाही. पेटंटाच्या कायद्यात त्यांना जागाही नाही. भावाच्या सरकारी अधिसूचनेत रकाने दोनच असतात, बियाण्याची किंमत आणि रॉयल्टी.

रॉयल्टी शेवटी उतरली ती त्या अधिसूचनेनेच. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यात रॉयल्टी ४९ असे ठरले. आधी ती १६३ च्या आसपास होती. मग ३९, मग २०, आणि २०२० साली शून्य. त्या वर्षी पाकिटाचा कमाल भाव ७३० रुपये होता. रॉयल्टी शून्य झाल्यावर पाकीट स्वस्त होईल असे आम्हालाही वाटले होते. २०२५ च्या मृगाला ते ९०१ रुपयांचे झाले.