मिरजेचा तंबोरा आणि यंत्रांतला षड्ज

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस येते. तिच्या या खोऱ्यांत गेल्या शंभराहून अधिक वर्षांत एक प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिला आहे. स्वर हातानें घडवावयाचा, कीं यंत्राकडून घ्यावयाचा? पाश्चात्त्य देशांतहि हा वाद आहे. रॉबर्ट मोग यांनीं १९६४ सालीं विजेच्या साह्यानें स्वर उत्पन्न करणारा सिंथेसायझर पुढें आणला. १९९६ सालीं स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनें संगणकाला ध्वनीचीं उपकरणें जोडण्याची व्हीएसटी पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९९९ सालीं तींत वाद्यांचाहि समावेश झाला. तेव्हांपासून प्रत्यक्ष उपकरण श्रेष्ठ, कीं संगणकांतील त्याची प्रतिकृति श्रेष्ठ, यावर तेथील संगीतकारांत दोन तट आहेत. कृष्णाकांठीं मात्र हा प्रश्न तंबोऱ्याच्या निमित्तानें आला.

मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांस धार लावणारे. इंग्रजी अंमलांत तलवारीची मागणी सरली आणि हातांतली कला निकामी होण्याची वेळ आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगारानें पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा सांगते. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तून जातीचें लांकूड आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला कान, एवढ्या भांडवलावर मिरजेचें नांव सर्व हिंदुस्थानांत झालें.

या वाद्याचें सर्व रहस्य त्याच्या घोडीवर आहे. घोडीचा माथा रुंद व किंचित् बांकदार असतो. तार आणि घोडी यांमध्यें सुताचा बारीक दोरा सारला कीं जवारी खुलते. सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें कीं, साध्या तारेच्या नियमाप्रमाणें जे उपस्वर उमटूं नयेत, तेहि तंबोऱ्यांत स्पष्ट उमटतात. खर्जाच्या तारेंतून ऐकूं येणारा स्वयंभू गंधार हा अशाच उपस्वरांपैकीं होय. पेटीचा गंधार याहून चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर हें अंतर सुमारें १४ भागांचें भरतें.

हें अंतर यंत्रानेंच भरून काढावें, असा पहिला मोठा प्रयत्न याच भागांत झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडलें. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साह्यानें १९११ सालीं साताऱ्यास एक संगीतसंस्था स्थापन झाली, आणि श्रुतींची पेटी तयार झाली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साक्ष देवलांनीं घेतली होती. तरीहि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत श्रुतींवर वाद माजला, आणि ती पेटी गवयांच्या बैठकींत रुजली नाहीं. साध्या पेटीचेंहि भाग्य फारसें बरें नव्हतें. १९४० सालीं नभोवाणीनें तिला मज्जाव केला. तो अंशतः उठावयास १९७१ साल उजाडावें लागलें.

मग विजेचा तंबोरा इतक्या सहज घरोघर कां शिरला? बंगळूरचे जी. राज नारायण यांनीं १९७९ च्या सुमारास तो तयार केला, आणि थोड्याच वर्षांत शिष्यांच्या खोल्यांतून त्याचा आवाज घुमूं लागला. कारण उघड आहे. पेटी गवयाच्या प्रत्येक स्वराला जागा नेमून देऊं पाहते; तंबोरा केवळ आधार देतो. आधाराचें काम यंत्राकडे सोंपविल्यानें गळ्याच्या स्वातंत्र्यास बाध येत नाहीं. शिवाय हवेंतील ओलाव्यानें यंत्राची तार उतरत नाहीं, प्रवासांत भोपळा फुटत नाहीं, आणि छेडण्यास दुसरा माणूस लागत नाहीं.

पुढें खऱ्या तंबोऱ्याचा नाद मुद्रित करून यंत्रांत साठविण्याची रीत आली. आतां तर तो भ्रमणध्वनींतील एका लहानशा ॲपमध्यें मावतो. पेटीवजा यंत्रहि मागें पडूं लागलें. परंतु या प्रगतींत एक विरोधाभास दडलेला आहे. पहिलीं यंत्रें विजेपासून नाद बनवीत; नवीं यंत्रें कारागिराच्या वाद्याचाच नाद उसना घेतात. ज्याच्या हातानें ती जवारी लागली, त्याच्याच पोटावर ती नक्कल पाय देते. नकलेची विक्री कितीहि झाली, तरी घोडी घासणाऱ्याच्या पदरांत त्यांतलें कांहीं पडत नाहीं.

दुसरी हानि श्रोत्यांस दिसत नाहीं. तंबोरा लावतांना शिष्य तासभर दोन तारांमधील सूक्ष्म भेद ऐकतो. ती तालीम गाण्यापूर्वींची तालीम होय. यंत्राची कळ दाबली कीं ती तालीम टळते. रियाजाला यंत्र असावें, त्यांत वावगें कांहींच नाहीं. ज्या गृहस्थाच्या घरीं तंबोऱ्यास जागा नाहीं, त्याच्या मुलीला यंत्रानेंच षड्ज दिला आहे. मात्र स्वर लावावयास शिकण्यासाठीं एकदां तरी खुंटी हातांत यावी लागते.

३० मार्च २०२४ रोजीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें मिरजेच्या नांवाचें रक्षण होईल. कारागिराच्या मुलानें बापाची पटाशी उचलावी कीं नाहीं, हें मात्र गिऱ्हाइकाच्या मागणीवर ठरेल. तलवारीची मागणी सरली तेव्हां शिकलगारांस तंबोरा सांपडला होता. आतां तंबोऱ्याची मागणी सरली, तर त्यांच्या हातांस दुसरें काय सांपडणार, याचें उत्तर कोणत्याहि यंत्रांत साठविलेलें नाहीं.