कार्डाची भाषा

घरात मुलांसाठी गेम खेळायचा नवा संगणक घ्यायचा ठरला, की बाकी वस्तूंवर लवकर एकमत होतं आणि घोडं अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी. बहुतेक वेळा सगळ्यात महाग वस्तू तीच, आणि तिच्याविषयी जो तो वेगळं सांगतो. मंडळी, या निवडीला तीसेक वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर दुकानात काय विचारायचं हे कळतं.

हे कार्ड करतं काय? पडद्यावरचं चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर ३ लाख ७ हजार २०० ठिपके मावत. आजच्या ‘फोर के’ पडद्यावर ते बरोबर २७ पट, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० असतात. खेळ चालू असताना ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसायची आणि पुन्हा काढायची. मुख्य प्रोसेसरला एवढी हमाली झेपत नाही. म्हणून एकाच वेळी अनेक हातांनी काम करणारी वेगळी चिप लागते.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीची ‘वूडू’ चिप आली. तिचं कार्ड फक्त त्रिमितीय चित्रं काढायचं. एरवीच्या कामासाठी दुसरं कार्ड लागे आणि दोन्ही कार्डं मागून केबलनं जोडावी लागत. तरीही लोकांनी ते उचललं. कारण ‘क्वेक’ हा गेम वूडूवर पाहिलेल्याला तो साध्या संगणकावर पाहवेना. १९९८ च्या ‘वूडू २’ची तर दोन कार्डं एकत्र चालत. एक विषम ओळी काढी, दुसरं सम.

गेम लिहिणारा कार्डाला सूचना देतो, त्यांची एक भाषा असते. वूडूची स्वतःची भाषा होती ‘ग्लाइड’. सोपी, चपळ, पण वूडूवाचून कुणाला न कळणारी.

त्याच परिसरात जेन्सन ह्वांग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम यांनी १९९३ मध्ये ‘एनव्हिडिया’ काढली होती. तिचं १९९५ चं ‘एनव्ही १’ याच दुखण्यानं आपटलं. इतर लोक वस्तूंचे आकार त्रिकोणांनी बांधत होते. एनव्हिडियानं वक्र पृष्ठभागांचं निराळंच व्याकरण मांडलं. मायक्रोसॉफ्टनं ‘डायरेक्ट थ्रीडी’ ही समाईक भाषा आणली, ती त्रिकोणांची निघाली. कंपनी बुडायच्या बेतात आली. जपानच्या ‘सेगा’साठी ती एक चिप बनवत होती. हे काम आमच्यानं पुरं होणार नाही, पण पैसे मिळाले नाहीत तर आम्ही संपू, असं ह्वांग यांनी सेगाला सरळ सांगितलं. सेगानं पैसे दिले. त्यावर तग धरून एनव्हिडियानं १९९७ मध्ये ‘रिवा १२८’ काढलं. ते समाईक भाषा बोलणारं होतं आणि दोन्ही कामं एकटं करणारं होतं.

अपयशानं एनव्हिडियाला शहाणं केलं. थ्रीडीएफएक्सला यशानं शहाणं होऊ दिलं नाही. १९९८ च्या डिसेंबरात तिनं ‘एसटीबी’ ही कार्डं बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. आजवर तिच्या चिपा घेऊन कार्डं बनवणारे तिचे प्रतिस्पर्धी ठरले आणि दुसरीकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता विकण्याचा करार झाला. घेणारी होती एनव्हिडिया. वूडू घेतलेल्यांकडे कार्डं राहिली, पण नवी विंडोज आल्यावर त्यांच्यासाठी नवे ड्रायव्हर देणारं कुणी नव्हतं. अखेर हौशी लोकांनीच ते रचले.

पुढचा प्रकार मात्र उलटा झाला. २००६ मध्ये एनव्हिडियानं चित्रांपलीकडच्या आकडेमोडीसाठी ‘कूडा’ ही आपली स्वतःची व्यवस्था जाहीर केली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी गेमसाठीच्याच दोन कार्डांवर ‘अलेक्सनेट’ला चित्रं ओळखायला शिकवलं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा कारभार त्यानंतर याच भाषेत वाढला. पोरांच्या खेळावर पोसलेल्या या कंपनीची आज बरीचशी कमाई खेळातून येत नाही. ती डेटा सेंटरमधून येते. एकेकाळी जगाची भाषा शिकून वाचलेली कंपनी आता जगाला आपली भाषा शिकवते आहे.

मग घरच्यासाठी निवड कशी करायची? गेमपुरतं पाहिलं तर एनव्हिडिया, २००६ मध्ये ‘एटीआय’ विकत घेतलेली एएमडी, आणि इंटेल, या तिघांचीही कार्डं समाईक भाषा बोलतात. तेव्हा नावाला भुलायचं कारण नाही. आधी पडदा पाहा. १९२० बाय १०८० चा पडदा असेल, तर ‘फोर के’च्या चौथाईच ठिपके भरायचे आहेत. मग आवडते गेम कोणते, त्यांना कार्डावर किती मेमरी लागते, पॉवर सप्लायला भार पेलेल का, कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल का, हे विचारा. मुलाला पुढं कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम शिकायचं असेल, तरच कूडाचा मुद्दा येतो. आणि आज सगळ्यात वेगवान कोण, एवढंच विचारून थांबू नका. या कार्डाला पाच वर्षांनी ड्रायव्हर कोण देणार, तेही विचारा. वूडू घेणाऱ्यांना हा प्रश्न फार उशिरा सुचला.