बार्शी लाईट : इंजिनांचा इतिहास आणि माणसांचा इतिहास



इंग्रजांनी आपल्या देशात आगगाडी आणली, हे वाक्य आपण शाळेत घोकले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गाडी कोणी आणली, ती चालवली कोणी आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आपल्या जिल्ह्यापुरती त्यांची उत्तरे शोधायची, तर बार्शी लाईट रेल्वेकडे वळले पाहिजे.

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग 1859-60 च्या सुमारास झाला. तो बार्शीला सुमारे वीस मैल दूर ठेवून कुर्डुवाडीवरून गेला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तिथला माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीला यायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता त्या वेळी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत होता. या पेठेला लहान रूळ पुरेल, हे त्याने हेरले. 1895 साली लंडनमध्ये कंपनी नोंदली गेली आणि 1897 साली बार्शीला गाडी आली. पुढे 1906 साली ती पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. सारा मार्ग 202 मैलांचा, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचा झाला.

कॅल्थ्रॉपची करामत कशात होती? दोन रुळांमधले अंतर त्याने अवघे अडीच फूट ठेवले आणि नियम केला, की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. जड ओझे एका बैलाच्या मानेवर न देता चार बैलांत वाटावे, तसा हा हिशेब. चार आसांची वाघीण मालासकट वीस टनांपर्यंत जाई, पण रुळाला भार जाणवे तो पाचच टनांचा. त्यामुळे रूळ हलका चालला, पूल हलके चालले, भांडवल कमी लागले. लीड्सच्या किटसन कारखान्याने या मार्गासाठी बनवलेल्या इंजिनांनाही हाच नियम होता. या बुद्धीला दाद दिलीच पाहिजे.

इंग्लंडमधल्या हौशी अभ्यासकांनी ती भरभरून दिली आहे. याच कॅल्थ्रॉपने स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड नावाची अशीच लहान रेल्वे उभारली. ती 1904 साली सुरू झाली आणि 1934 साली बंद पडली. तीस वर्षे चाललेल्या त्या गाडीवर तिथे पुस्तके आहेत. इंजिनाचे माप, चाकांची संख्या, डब्यांचा रंग, सारे टिपून ठेवलेले आहे. आपली गाडी शंभर वर्षांहून अधिक चालली, आणि आपल्यापाशी काय आहे? इंजिनाचे नकाशे मिळतात, कंपनीच्या नोंदी मिळतात. पण त्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याचे नाव त्यांत मिळत नाही.

आपल्या बाजूने पाहा. बार्शी इंग्रजी मुलखात, तर येडशी, तडवळे, ढोकी ही स्टेशने निजामाच्या राज्यात. एकच गाडी दोन राज्यांतून धावे. तिला ओढ होती ती लातूरच्या पेठेची. म्हणून जिल्ह्याचे ठाणे असलेले आपले धाराशिव, त्या वेळचे उस्मानाबाद, तिने बाजूला टाकले. गाडी धरायची तर येडशीसारखे स्टेशन गाठावे लागे. रूळ कुठे जातो हे माल ठरवतो, माणूस नव्हे, याचा याहून जवळचा दाखला आपल्याला नको.

पण रूळ एकदा पडला, की माणसे तो आपल्या कामाला लावतात. पंढरीच्या यात्रेकरूंनी ही गाडी आपली केली. कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग परिषद झाली. हे गाव याच रुळाच्या काठचे. त्या परिषदेला कोण कोणत्या स्टेशनावर गाडीत चढून गेले, हे घराघरांत विचारण्यासारखे आहे.

आता कामगाराकडे या. वाफेचे इंजिन आपोआप चालत नाही. गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी आग पेटवावी लागे, पाणी भरावे लागे, राख काढावी लागे. वाटेत फायरमनचा एक डोळा आगीवर आणि दुसरा पाण्याच्या काचेवर. रुळावर गँगमनची टोळी, उन्हात खडी ठोकणारी. सांधेवाला, खलाशी, कुर्डुवाडीच्या कारखान्यातला लोहार. कंपनीच्या काटकसरीचे कौतुक पुस्तकांत होते. त्या काटकसरीत मजुरीचा वाटा किती, हा प्रश्न कामगार चळवळीतल्या माणसाने विचारायचा नाही तर कोणी? 1 जानेवारी 1954 रोजी ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली आणि लंडनच्या कंपनीचा नोकर भारत सरकारचा नोकर झाला. इंजिनाच्या इतिहासात ही एक तारीख आहे. कामगाराच्या घरात ती पगार, रजा आणि पेन्शन यांची गोष्ट आहे.

2007-08 मध्ये लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग मोठ्या रुळाचा झाला. त्या वेळी तो वळवून धाराशिव शहरातून नेला, आणि शंभर वर्षांनी आपल्याला स्टेशन मिळाले. ही आनंदाचीच गोष्ट. पण लहान रूळ उखडले तसा त्यांच्यावर राबलेला माणूसही पांगला. वाफेच्या इंजिनावर हात काळे केलेले जे थोडे लोक आज आहेत, ते फार वृद्ध आहेत. नकाशा शंभर वर्षांनीही सापडेल. माणूस सापडणार नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्यांच्या घरात बार्शी लाईटचा कामगार होता, त्यांनी त्याचे नाव, हुद्दा, स्टेशन आणि नोकरीची वर्षे एका कागदावर लिहावीत. पगाराची चिठ्ठी, पेन्शनचे कागद, फोटो असेल तर त्याची नक्कल काढावी. वृद्धांना विचारताना इंजिन कोणते, एवढेच विचारू नये; पाळी किती तासांची, पाणी कुठे मिळे, अपघात झाला तर घरच्यांना काय मिळाले, हेही विचारावे. हे कागद गावच्या वाचनालयात एका फाईलीत ठेवावेत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत येडशी, तडवळे आणि ढोकी या तीन गावांचे काम झाले, तरी पुष्कळ झाले.