चंद्यावर उभी राहिलेली कार्टून

आमच्या वर्गात वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी निघतो. आम्ही वही जप्त करतो. बी.एड. करूनही आम्हाला दुसरे काही सुचत नाही! अशाच मुलांचा हा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात अमेरिकेत होते.

पूर्वी कार्टूनपट काढणे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. पडद्यावरील एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. म्हणजे स्टुडिओ हवा, कारागिरांची फौज हवी आणि टीव्ही वाहिनीचा होकार हवा. हा होकार मिळणेच सर्वांत कठीण. त्याला बगल दिली 'फ्लॅश' या सॉफ्टवेअरने. त्यात चित्र ठिपक्यांनी नव्हे, रेषांच्या गणिताने साठवले जाई. फाइल इतकी लहान होई की टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या मंद इंटरनेटवरही कार्टून चाले. टॉम फल्प या तरुणाने २००० साली आपल्या 'न्यूग्राउंड्स' संकेतस्थळावर कुणालाही स्वतःचे कार्टून चढवता येईल अशी सोय केली. परीक्षक कोण? खुद्द प्रेक्षक. मते मिळाली तर कार्टून राही, नाही तर उडवले जाई. तिथे वाह्यातपणा भरपूर होता, हे कबूल केले पाहिजे. पण एका पिढीचा रियाज तिथेच झाला.

२००५ साली यूट्यूब आले. २०१२ मध्ये मात्र यूट्यूबने व्हिडिओ किती वेळा पाहिला यापेक्षा किती वेळ पाहिला, याला महत्त्व दिले. ज्याच्या एका मिनिटाला कित्येक आठवडे खपावे लागते, ते चार मिनिटांचे कार्टून या हिशेबात कसे टिकणार? काहींनी चित्रे बाजूला ठेवून व्हिडिओ गेम खेळत गप्पा मारण्याचा धंदा धरला.

तारले ते चंद्याने. आपल्या कित्येक उर्दू शाळा कौमच्या चंद्यावरच उभ्या राहिल्या. त्यामुळे आम्हाला ही गोष्ट समजायला जड गेली नाही. २०१३ साली 'पेट्रिऑन' निघाले. चाहत्यांनी दरमहा थोडे थोडे डॉलर द्यायचे आणि कलावंताने काम करत राहायचे. विव्हियन मेड्रानो हिने अशाच मदतीवर 'हॅझबिन होटेल'चा पहिला भाग करून ऑक्टोबर २०१९ मध्ये यूट्यूबवर ठेवला. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. मग 'ए २४' ही कंपनी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर मालिका सुरू झाली. कराचीच्या उस्मान रियाझने २०१६ साली इंटरनेटवरून एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. हाताने चितारलेला त्याचा उर्दू चित्रपट 'द ग्लासवर्कर' पडद्यावर यायला जुलै २०२४ उजाडला. आठ वर्षे!

पण चंद्यातून उभे राहिलेले शेवटी कुणाच्या मालकीचे? पैसा कौमचा आणि पाटी भलत्याचीच, असे प्रकार आपण शाळांच्या बाबतीत पाहिलेच आहेत. म्हणून ऑस्ट्रेलियातील 'ग्लिच प्रॉडक्शन्स' या दोन भावांच्या स्टुडिओचे उदाहरण आम्हाला मोलाचे वाटते. 'द अमेझिंग डिजिटल सर्कस'चा पहिला भाग त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये यूट्यूबवर फुकट दाखवला आणि त्यातल्या पात्रांची खेळणी, कपडे विकून पुढचा खर्च भागवला. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सला त्यांनी मालिका दाखवण्याचा हक्क दिला, मालकी मात्र दिली नाही. त्यानंतरचे भागही यूट्यूबवर फुकटच येत राहिले.